केळी घेऊन कॉलेज बघायला

माझ्या मुलीचं कॉलेज केळ्यांच्या एका फणीने ठरवलं. मी फक्त ती फणी उचलून नेली.

अ‍ॅनाला फार्म डी करायचं होतं. बारावीनंतर सहा वर्षं औषधांचा अभ्यास आणि मग नावाआधी डॉक्टर. वसईजवळच्या पापडी गावातल्या आमच्या घराण्यात आजवर केळीची वाडी आणि शाळेतली पोरं सांभाळणारेच निघाले, त्यामुळे मी आधीच अभिमानाने फुगलो होतो. शेवटी दोन कॉलेजं उरली. एक माझ्या पसंतीचं : काचेची इमारत, हिरवळ, कारंजं. दुसरं तिच्या : रंग उडालेलं, पण शेजारी त्यांचंच हॉस्पिटल. तिचं म्हणणं, फार्म डी वॉर्डात शिकतात, कारंज्यापाशी नाही. मी म्हटलं, ते हॉस्पिटल नुसतं पाटीपुरतं निघालं तर? आत पेशंटच नसले तर सहा वर्षं पाण्यात! पसंतीक्रम संध्याकाळपर्यंत भरायचा होता, म्हणून मी स्वतः जाऊन बघून यायचं जाहीर केलं.

"जा, पण डॅडी, प्लीज, कुणाशी बोलू नका," अ‍ॅना म्हणाली. (बापाला ओळखून होती.)

आता आमच्या गावात हॉस्पिटलात कुणी रिकाम्या हाताने जात नाही. बायकोने वाडीतल्या वेलची केळ्यांची फणी पिशवीत घालून दिली. हॉस्पिटलच्या दारावर वॉचमनने विचारलं, "किसको देखना है?" कॉलेज बघायला आलोय म्हटलं असतं तर त्याने मला बाहेरच ठेवलं असतं. मी बेधडक म्हटलं, "लोपीस." वसईतल्या कुठल्याही हॉस्पिटलात एक तरी लोपीस असणारच, हा माझा हिशेब. हिशेब बरोबर निघाला. दुसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी.

वॉर्ड गच्च भरलेला होता. माझं काम झालं होतं, तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण खिडकीपाशी बसलेल्या म्हातारीला माझी पिशवी दिसली.

"तू कोनाचा रे?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. तिने मला ताबडतोब तिच्या नवऱ्याच्या होळी गावातल्या चुलतभावाचा जावई करून टाकलं. आजारी माणसाशी वाद कशाला घालायचा, म्हणून मी जावई झालो. तिची सून इतकी सुखावली, की मला बसवून चहा प्यायला खाली निघून गेली. मग नातेवाईक म्हणून माझंही काही कर्तव्य होतंच. मी केळं सोलून म्हातारीला भरवलं. तिने दुसरं मागितलं. तेही सोललं.

"काका, थांबा."

पांढऱ्या कोटातल्या एका मुलीने माझ्या हातातलं केळं काढून घेतलं. अ‍ॅनाहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. आजींच्या किडन्या कमजोर आहेत, चालू असलेल्या गोळीनेही रक्तात पोटॅशियम वाढतं, त्यात केळी म्हणजे थेट हृदयाशी खेळ, असं तिने शांतपणे समजावलं. मग विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?"

जावई म्हणायची हिंमत होईना, परका म्हणायची त्याहून होईना. तिने डॉक्टरांना बोलावलं, रक्त घेतलं, छातीला वायरी लावल्या. मी भिंतीला टेकून, आठवतील त्या सगळ्या संतांना हाक मारत होतो. मुलीचं कॉलेज बघायला येऊन कुणाच्या आईचा जीव घेतला, हे फादरना कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

बऱ्याच वेळाने ती मुलगी आली. "सगळं ठीक आहे, काका. एका केळ्यावर निभावलं." इतकं हलकं वाटलं, की मी तिथल्या बाकावर बसून चक्क रडलो. म्हातारी तिकडे उरलेल्या फणीसाठी भांडत होती.

मी नाक पुसून त्या मुलीला विचारलं, "तू नर्स का?"

"नाही. फार्म डी, पाचवं वर्ष. शेजारच्याच कॉलेजात."

जिन्यातूनच अ‍ॅनाला फोन लावला. "तुझंच कॉलेज पहिलं टाक."

"पेशंट आहेत ना पण?"

"आहेत. आणि तुझ्या सीनियर त्यांना जिवंत ठेवतात."

का, ते मी सांगितलं नाही. अ‍ॅनाला तिथेच प्रवेश मिळाला आणि आमच्या घरात आनंदीआनंद झाला. मीही मिरवलो. परवा ती घरी आली, पिशवी ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"आज सरांनी वर्गात एक जुनी केस शिकवली, डॅडी. किडनीची पेशंट, वेलची केळी आणि कुणाचाच नसलेला एक जावई."

आमच्या घराण्यातली पहिली डॉक्टर तीच होईल. पण फार्म डीच्या वर्गात तिच्याआधी मी पोचलो, आणि तेही थेट अभ्यासक्रमात!