एवारिस्तो मास्तरांच्या एकेचाळीस चिठ्ठ्या

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर शेवटपर्यंत धीर व्हायचा नाही.

एवारिस्तो मास्तर आमच्या गावच्या शाळेत लॅटिन शिकवत. निवृत्त झाल्यावर बिशपच्या छापखान्याने त्यांना शाळकरी कोशासाठी एक क्रियापद दिलं. एकच. सेपारारे, म्हणजे वेगळं करणं. इतर मास्तरांना पन्नास-पन्नास शब्द मिळाले होते, ते त्यांनी वर्षभरात उरकले. आमच्या मास्तरांना या एका शब्दाला अकरा वर्षं लागली. प्रत्येक अर्थाला एक चिठ्ठी, अशा एकेचाळीस चिठ्ठ्या झाल्या. मास्तर काटकसरी. पास्ता ज्या जाड निळ्या कागदात बांधून मिळे, त्याचेच चौकोन कापून ते पेन्सिलीने लिहीत. घरात ओल, म्हणून चिठ्ठ्यांचं खोकं अंगणातल्या सामायिक कोठीत ठेवत.

ऑगस्टमध्ये आमच्या अंगणात अकरा घरं मिळून टोमॅटोचा गर बाटल्यांत भरतात. मग बाटल्या मोठ्या पिंपात रचून उकळायच्या. त्या एकमेकींवर आपटून फुटू नयेत म्हणून मध्ये चिंध्या कोंबतात. पिंप रचायचं काम माझं. त्या वर्षी चिंध्या कमी पडल्या.

"एत्तोरे, कोठीत बघ ना जरा!" फिलोमेनाबाई ओरडली. अंगण तिचं, त्यामुळे ओरडायचा हक्कही तिचा. "का आता बाटल्यांना माझा परकर नेसवू?"

मी कोठीतून निळे कागद आणले आणि कोंबले. लिहिलेली बाजू पाहिलीच नाही. पाहिली असती तरी मला काय कळणार होतं!

मास्तर तेव्हा चष्म्यासाठी रोमला गेले होते. रविवारी दुपारी परतले, तोवर थंड झालेल्या बाटल्या घरोघरी वाटून झाल्या होत्या. सोमवारी सकाळी छापखान्याचा माणूस शब्द न्यायला यायचा होता.

"एत्तोरे, माझं खोकं कुठे आहे?"

"खोकं आहे, मास्तर. आतलं उकडलं."

मास्तर पायरीवर बसले. मला वाटलं रडतील. पण त्यांनी विचारलं, "किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

"पेन्सिल टिकते," ते म्हणाले आणि उठले.

खरंच टिकली होती. पण टोमॅटोच्या रसाने कागद बाटल्यांना असे चिकटले होते की सोडवायला गेलं तर फाटत. मग एकच मार्ग उरला. मास्तरांनी घरोघर जाऊन बाटल्या वाचायच्या आणि मी वहीत उतरवायचं.

फिलोमेनाबाईकडे नदी दोन शेतं वेगळी करते तो अर्थ निघाला. विधवा नुंझियाताकडे वासराला दुधापासून तोडण्याचा. मास्तरांनी तिला समजावलं की फ्रेंच लोक हाच शब्द झिजवून तान्ह्या मुलाचं दूध तोडायला वापरतात.

"माझा रोमोलो बेचाळीसचा झाला, अजून तुटला नाही," ती म्हणाली. "हा कागद मला आधी का नाही दिलात?"

खाटीकवाड्यातल्या जिनेव्राकडे नवऱ्याला बायकोपासून वेगळं करण्याचा अर्थ गेला होता. तिने बाटली हातात द्यायलाच नकार दिला. "लांबून वाचा. ही फळीवर राहणार, जेवताना त्याच्या नजरेसमोर." नवरा तिथेच होता. तो म्हणाला, "लॅटिन आहे, मला कुठे कळतंय!"

संध्याकाळपर्यंत चाळीस चिठ्ठ्या मिळाल्या. राहिली ती पहिलीच, शब्द मुळात कुठून आला ती. आणि राहिलेलं घर होतं तुल्लिओचं, मास्तरांच्या धाकट्या भावाचं. मे महिन्यात देशभर घटस्फोटाच्या कायद्यावर मतदान झालं. एका भावाने कायदा राहू द्या म्हटलं, दुसऱ्याने रद्द करा म्हटलं आणि त्या दिवसापासून बोलणं बंद. दोघांपैकी कोणाचंही लग्न झालेलं नव्हतं.

"ती एक आठवून लिहा की," मी म्हणालो.

"अकरा वर्षांत तीनदा बदललीय. शेवटी काय ठरवलं तेच आठवत नाही."

मास्तरांनी दार वाजवलं. दार उघडलं नाही.

"तुल्या, बाटली दे."

"देणार नाही. माझ्या वाटणीची आहे."

"मग वाच तरी."

आत दिवा लागला. मग तुल्लिओ शाळेतल्यासारखा एकेक अक्षर लावत वाचू लागला. "से, म्हणजे बाजूला. पारारे, म्हणजे तयार करणं, मांडणं." तो थांबला. "दादा, म्हणजे आई मला उशीर झाला की माझं ताट वाढून बाजूला झाकून ठेवायची, तसं?"

"तसं नाही."

"तसंच! बाजूला, तयार. यात भांडण कुठाय?"

"आईला लॅटिन येत नव्हतं, तुल्या."

"ताट मांडता येत होतं!"

तीन महिन्यांचं साठलेलं होतं. दाराच्या दोन्ही बाजूंनी तासभर चाललं. शेवटी मास्तर मला म्हणाले, "लिही. उदाहरण: उशिरा येणाऱ्या मुलाचं ताट. आधार: आई." मी लिहिलं.

सोमवारी छापखान्याचा माणूस आला. अंगणात बसून त्याने वही वाचली, मान डोलावली आणि पहिल्या पानावर परत आला. "हे आई कोण? कोणत्या शतकातले ग्रंथकार?"

"आमची आई," मास्तर म्हणाले.

"मग ही ओळ काढावी लागेल. कोशात फक्त ग्रंथकार."

"ओळ निघणार नाही. नको असेल तर शब्दच नेऊ नका."

त्याने तो नेला नाही. वही माझ्याकडे सरकवून निघून गेला. पुढे म्हणे एका पाद्रीबुवांनी ते क्रियापद एका दुपारीत उरकलं.

तुल्लिओ दारात उभा राहून ऐकत होता. "अकरा वर्षं, दादा! आणि एका ताटापायी घालवलीस?"

"तूच म्हणालास."

"मी दाराआडून म्हणालो! दाराआडून माणूस काय वाटेल ते बोलतो."

"मग दार उघडायचं होतंस!"

जेवायची वेळ झाली होती. भांडत भांडतच दोघं तुल्लिओच्या घरात शिरले. मी वही घेऊन बराच वेळ अंगणात उभा होतो. कोणी मागितली नाही.