राष्ट्रीय अध्यक्षांसाठी दोन मिनिटं

चहा निवायच्या आत सांगून टाकतो. नाहीतर तेल्हाऱ्याचा कुणीतरी तुम्हाला गाठेल आणि मीठमसाला लावून सांगेल. त्यापेक्षा माझी फजिती माझ्याच तोंडून ऐकलेली बरी. नाहीतरी सगळा घोळ या तोंडानंच केला ना!

तर पहिली गोष्ट. दिल्लीत देशाचा राष्ट्रपती एकच असतो. एकदा शपथ घेतली की पाच वर्षं बिनघोर. आमच्या वऱ्हाडात तसं नाही. इथे गल्लोगल्ली राष्ट्रीय अध्यक्ष. आमच्या अकोल्यातल्या कॉलनीत एका लाइनीत तीन राहतात, आणि तिघं मिळून पेपर एकच घेतात.

माझे मोठे साळे पुंडलिकदादा यांनाही हा योग आला. दादांचं तेल्हाऱ्याला कूलरचं दुकान. 'अखिल भारतीय कूलर कारागीर महासंघ' असा एक महासंघ आहे, त्याचे ते नवे राष्ट्रीय अध्यक्ष झाले. आता अखिल भारत म्हणजे कुठून कुठवर? तेल्हाऱ्यापासून अंजनगाव सुर्जीपर्यंत. शिवाय बऱ्हाणपूरचे एक म्हातारे काका सभासद आहेत. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात येतं, त्यामुळे 'अखिल भारतीय' लिहायला कुणाच्या बापाची भीती नाही.

पण दादांचं आणि माझं चार वर्षं बोलणं नव्हतं. चूक कुणाची? विचारता कशाला!

चार वर्षांपूर्वी दादांच्या पोराचं लग्न होतं. मे महिना. मांडवात दादांनी स्वतःच्या हातानं बनवलेले बारा कूलर लावले होते, आणि ऐन मंगलाष्टकांत बाराच्या बारा बंद पडले. माइक माझ्याकडे. मी शाळेत मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात सूत्रसंचालन करतो. हातात माइक आला की माझं माझ्यावर काही चालत नाही. मी म्हणालो, "वऱ्हाडी मंडळींना नम्र विनंती, पत्रिका मुद्दाम जाड कागदाची छापली आहे, तिनं वारा घ्यावा."

सगळा मांडव हसला. दादा सोडून. त्या दिवसापासून माझ्या बायकोचं, नंदाचं, माहेर बंद. चार दिवाळ्या गेल्या, चार राख्या पोस्टानं गेल्या. त्यांची पोच वहिनी चोरून फोनवर द्यायच्या. नंदा मला फारसं काही बोलायची नाही, पण दिवाळीच्या दिवशी तेल्हाऱ्याची एसटी जायच्या वेळेला ती गॅलरीत जाऊन उभी राहायची. मला ते बघवत नसे.

आणि अचानक दादांचा फोन!

"नंदे, माह्या पदग्रहणाले ये. अन् सूत्रसंचालन जवाईबापूलेच सांग. काही झालं तरी घरचा मानूस हाय."

नंदा आधी रडली. मग पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली.

"हे पाहा. चार वर्षांनं दादानं हाक मारली. तुमी फक्त पाहुन्यायचं नाव घ्याचं अन् 'टाळ्या वाजवा' म्हनाचं. त्याच्या वरतं एक शब्द बोलले, तर मी कायमची तेल्हाऱ्याले जाईन, अन् तुमी राहा तुमच्या मोक्षधामात."

मोक्षधाम का, ते सांगतो. आमच्याकडे माणूस गेला की मोक्षधामात अग्नी दिल्यावर तिथेच शोकसभा होते. चार लोक उभे राहून दोन शब्द बोलतात. कुणीतरी त्यांची नावं पुकारावी लागतात, शेवटी दोन मिनिटं मौन पाळायला सांगावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. गेली वीस वर्षं आमच्या भागात माझ्याशिवाय कुणी गेलेलं नाही. आणि कागद? छे! कागद लागतो तो सूत्रसंचालक कसला? सगळं जिभेवर. आता ऐकाच त्या जिभेचे प्रताप.

पदग्रहण रविवारी दुपारी, आमच्या अकोल्यातल्याच एका मंगल कार्यालयात होतं. आणि शनिवारी संध्याकाळी आमच्या कॉलनीतले निवृत्त तलाठीकाका गेले. रविवारी सकाळी मोक्षधाम. मी तिथे मन लावून शोकसभा घेतली, घरी येऊन आंघोळ केली, झब्बा बदलला. जीभ मात्र तीच होती, ती कुठून बदलणार?

दादांनी राष्ट्रपतींचा शपथविधी टीव्हीवर पाहिलेला. त्यामुळे सगळं तसंच हवं. तिकडे एकवीस तोफांची सलामी असते, म्हणून मंगल कार्यालयाबाहेर एकवीस सुतळी बॉम्ब मांडून ठेवलेले. तिकडे घोडेस्वार असतात, म्हणून लग्नातला एक घोडा आणलेला, झालरीसकट. मंचामागे दादांचा एवढा मोठा फ्लेक्स. सभासदांनी हारही असा जंगी आणला होता, की तो घातल्यावर दादांची मान हलेना. शेवटी मीच म्हणालो, "फ्लेक्सला लावा." लावला. फोटोला हार! तेव्हाच माझ्या टाळक्यात प्रकाश पडायला हवा होता की नको?

समोर साठसत्तर माणसं. मंचावर एक भलामोठा कूलर, त्याच्या आडोशाला दादा बसलेले. बाजूला मावळते अध्यक्ष, वय पंच्याऐंशी. मंचावरच मागच्या रांगेत वहिनी, मुलं, सुना. खाली पहिल्या रांगेत नंदा, पैठणी नेसून, चार वर्षांनी इतकी खुशीत. कूलरच्या घरघरीत माझा आवाज ऐकू जाईना, म्हणून मी तो बंद करायला लावला.

सुरुवातच मी केली, "आज आपण सारे अत्यंत जड अंतःकरणानं..." नंदानं मान वर केली. मी सावरलो, "भरल्या अंतःकरणानं इथे जमलो आहोत." वाचलो.

मग परिचय. "पुंडलिकभाऊंचा स्वभाव अतिशय मनमिळाऊ. कुणाच्याही सुखदुःखाला धावून जाणारा माणूस. त्यांच्या मागे पत्नी, दोन मुलं, सुना, नातवंडं असा मोठा परिवार आहे."

दादांनी मागे वळून पाहिलं. परिवार खरोखरच मागे बसलेला होता, म्हणून निभावलं. नंदानं मात्र कपाळाला हात लावला.

आता फक्त एक वाक्य उरलं होतं. 'सर्वांनी उभं राहून टाळ्यांच्या गजरात नव्या राष्ट्रीय अध्यक्षांचं स्वागत करावं.' बस, एवढंच म्हणायचं, की मग दादा शपथ घेणार आणि नंदाचं माहेर उघडणार. मी छाती भरून श्वास घेतला आणि म्हणालो,

"सर्वांना विनंती, आपण आपापल्या जागी उभं राहून, पुंडलिकभाऊंसाठी दोन मिनिटं स्तब्धता पाळावी."

आणि हो, सगळे उभे राहिले! आमच्या लोकांचं हे एक आहे. उभे राहा म्हटलं की उभे राहतात, मान खाली घालतात. कोण गेलं, कशानं गेलं, ते नंतर पानठेल्यावर विचारतात.

मला चूक कळली तेव्हा वीसेक सेकंद होऊन गेले होते. आता काय करणार? अर्ध्या मौनात कुणी 'माफ करा, बसा' म्हटलेलं तुम्ही कधी पाहिलंय? मीही मान खाली घातली. कूलर बंद, टाचणी पडली तरी ऐकू यावी. बाहेर घोडा फुरफुरला तेवढाच.

तिरक्या नजरेनं पाहिलं. मावळते अध्यक्ष घाबरून इकडेतिकडे बघत होते, बहुधा आपणच गेलो की काय याची खात्री करून घेत असावेत. आणि सगळ्यात खाली मान कुणाची? दादांची! फेटा काढून हातात धरलेला, डोळे मिटलेले. स्वतःसाठी इतक्या मनोभावे मौन पाळणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

दोन मिनिटं झाली. दादा माझ्या कानाशी आले.

"जवाईबापू, कोन गेलं?"

आता काय सांगू? 'तुम्ही' म्हणू? मी माइक धरला आणि ठोकून दिलं, "यंदाच्या उन्हाळ्यात उन्हानं ज्यांचा बळी घेतला, त्या ज्ञात-अज्ञात बांधवांना आपण श्रद्धांजली वाहिली. यापुढे कुणाला उन्हानं जावं लागू नये, यासाठीच हा महासंघ आहे."

टाळ्या! दादा खूश. "वा जवाईबापू! हे मले सुचलंच नव्हतं."

मी नंदाकडे रुबाबात पाहिलं. तिनं डोळे मिटले होते. तिचं माझ्याशी लग्न होऊन सत्तावीस वर्षं झाली आहेत, तिला सगळं कळतं.

पण मला एक गोष्ट कळली नव्हती. ऐन मौनात बऱ्हाणपूरचे काका दारात येऊन उभे राहिले होते. पाच तास बसमध्ये घामाघूम होऊन आलेले. दादांना त्यांनी कधी समोर पाहिलेलं नाही, फक्त व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या फोटोत. दारातून त्यांना दिसलं काय? माना खाली घातलेली माणसं, आणि समोर दादांचा एवढा मोठा फोटो, हारासकट. खुद्द दादा तर कूलरच्या आड. काका तसेच बाहेर गेले आणि महासंघाच्या ग्रुपवर रडत रडत बोलले, "भाई लोग, पुंडलिकभाऊ नहीं रहे. शपथ लेते लेते ही चले गए."

इकडे मावळत्या अध्यक्षांचं निरोपाचं भाषण तासभर चाललं, तोवर ग्रुपवरून बातमी तेल्हाऱ्यात पोचली. मग दादा शपथेला उभे. "मी पुंडलिक, ईश्वरसाक्ष शपथ घेतो की..."

खिशातला फोन वाजला. दादांनी कापला. पुन्हा वाजला. पुन्हा कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा वैतागून त्यांनी उचलला, आणि गडबडीत स्पीकर चालू झाला. समोर माइक. सगळ्या कार्यालयानं ऐकलं.

"हालो, कोन बोलून राहिलं? मी तेल्हाऱ्याहून, शेजारचा रामराव. बॉडी कवा आनता?"

"कोनाची?" दादा.

"कोनाची म्हंजे? पुंडलिकभाऊची!"

"अरे, मीच पुंडलिक बोलून राहिलो."

पलीकडून रामराव भडकले.

"तुमी कोनी बी असा, पन अशा टायमाले टिंगल करू नका! सोन्यासारखा मानूस गेला आमचा!"

हे रामराव म्हणजे दादांचे हाडवैरी. दोन घरांमधल्या नालीवरून दहा वर्षं भांडण, दोनदा पोलीस ठाणं. दादांनी शपथेचा कागद खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "कसा मानूस म्हनलं?"

"सोन्यासारखा! अन् आता कायले लपवू? ते नाली माह्याच इकडून तुंबली होती. मले बोलाचं होतं त्यायच्याशी. राहून गेलं." आणि रामराव फोनवर ढसाढसा रडायला लागले. "अर्धं तेल्हारा दारात जमलं हाय बाप्पा. उभं राहाले जागा नाही."

दादांनी फोन खिशात घातला. समोरच्या साठसत्तर माणसांकडे पाहिलं. पदग्रहणाला एवढी, आणि तिकडे मरणाला अर्धं गाव! मग त्यांची नजर माझ्यावर आली, आणि त्यांना सगळं समजलं. मीच मंचाखाली शिरावं, की बाहेरच्या घोड्यावर बसून थेट सेमाडोहच्या जंगलात निघून जावं, एवढाच प्रश्न माझ्यापुढे उरला होता.

पहिल्या रांगेत नंदा पदरात तोंड खुपसून हमसून रडत होती. माझ्यामुळे. लाजेनं. चार वर्षांनी उघडलेलं दार मी तिच्या तोंडावर पुन्हा लावलं होतं, आणि मला खरंच पोटातून वाईट वाटलं.

पण दादांना वाटलं, बहीण आपल्यासाठीच रडते आहे. ते मंचावरून उतरले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचेही डोळे भरलेले.

"रडू नको नंदे. मी जिता हावो ना! चाल, आपल्या घरी चाल. रामरावले बी सांगाचं हाय, का मी मेलो नाही म्हनून. अन् नालीचं त्यानं कबूल केलं ते मी ऐकलं म्हनून."

नंदानं वर पाहिलं. आपल्या घरी! तिच्या रडण्याला आणखीच जोर आला. दादा तिला धरून बाहेर निघाले, मागे सारा परिवार. मीही झब्बा सावरत मागे गेलो, तर दादांनी गाडीच्या दारातच मला हात केला.

"तुमी नका येऊ, जवाईबापू. तुमाले दारात पाहून लोकायले वाटीन, तेरवी बी आजच हाय."

गाडी सुटली. गाडी निघालेली पाहून, बॉम्बांपाशी उभ्या असलेल्या मांडव-खुर्च्यांच्या बिछायतवाल्याला वाटलं, कार्यक्रम आटोपला. त्यानं बत्ती लावली. एकवीसच्या एकवीस सुतळी बॉम्ब फुटले आणि धुरात मी आणि घोडा दोघंच उभे राहिलो.

नंदा आठ दिवस माहेरी राहिली. परत आली ती चार पिशव्या घेऊन. लोणचं, शेवया, सांडग्या मिरच्या आणि नवी साडी. चार वर्षांत तिचा चेहरा असा मी पाहिला नव्हता.

"माझ्यासाठी काही?" मी भीत भीत विचारलं.

तिनं एक पाकीट दिलं. महासंघाचं लेटरहेड, गोल शिक्का, खाली 'राष्ट्रीय अध्यक्ष' म्हणून दादांची सही. मी मोठ्यानं वाचायला लागलो.

"महासंघाच्या यापुढील सर्व कार्यक्रमांच्या सूत्रसंचालनातून आपणास सन्मानपूर्वक मुक्त करण्यात येत आहे. तथापि, आमचे निधन झाल्यास त्या प्रसंगीचे सूत्रसंचालन आपणच करावे, असे ठरले आहे."

माझी छाती फुगली. "पाहिलंस? शेवटी माणसाला माणसाची किंमत कळते! किती विश्वास आहे दादांचा माझ्यावर!"

"पुरं वाचा," नंदा म्हणाली. "खाली हातानं काय लिहिलं, ते बी वाचा."

खाली बॉलपेननं लिहिलं होतं, "जवाईबापू, त्या दिवशी लोकायले टाळ्या वाजवाले सांगू नका."