शक हाय, साहेब

मागच्या महिन्यात बुलढाण्याच्या एका कॉलेजात मला भाषणाला बोलावलं होतं. मी निवृत्त सुभेदार, गाव उंद्री. फलकावर लिहिलं होतं, 'नेतृत्व विकास शिबिर'. समोर दीडशे मुलं-मुली. प्राचार्य म्हणाले, यातला प्रत्येक जण उद्याचा नेता आहे. माझं डोकं फिरलं. सगळेच पुढे चालले तर मागे कोण चालणार, असं मी माईकवरच विचारलं. प्राचार्य हसले, मी हसलो नाही. मग भाषणाचा कागद खिशात घातला आणि नाईक सुधाकर इंगळेबद्दल सांगितलं.

वडनेर भोलजीचा सुधाकर काश्मिरात माझ्या प्लाटूनमध्ये होता. फौजेत हुकूम देऊन झाला की विचारतात, "कोई शक?" उत्तर ठरलेलं, "नहीं साहब." सगळे गळे एकदम. सुधाकर तेवढा अधूनमधून हात वर करायचा. मला त्याचा वैताग यायचा. पण शंका ऐकूनही हुकूम कायम राहिला, तर तो जीव ओतून पाळायचा. मागून कुरकुर नाही, तोंड वाकडं नाही.

फेब्रुवारी महिना होता. मी तेव्हा नायब सुभेदार, दहा जणांच्या पेट्रोलचा, म्हणजे गस्तीच्या तुकडीचा, कमांडर. वरच्या पोस्टवर एक जवान दोन दिवस तापाने फणफणला होता. त्याची औषधं आणि रेडिओच्या बॅटऱ्या पोचवायच्या होत्या. ०६०० ला निघालो. बर्फात वाट काढत ११२० ला नाल्याशी आलो. ऊन कडक पडलं होतं. नाला ओलांडला तर पोस्ट अर्ध्या तासावर, कड्यावरून वळसा घेतला तर चार तास. मी हुकूम दिला, सगळे एकत्र, भरभर पार करायचं. कोई शक?

"शक हाय, साहेब," सुधाकर म्हणाला. "ऊन लागलं. बरफ नरम पडला असन. वरून जाऊ."

मी नाही म्हणालो. वेळ नाही, इथूनच जायचं.

"मंग येक येक करून जाऊ द्या. पह्यला मी जातो."

तेवढं मी मानलं. अर्धंच. त्याने पाठीवरच्या पिट्टूचे पट्टे सैल केले, बर्फाखाली गेलेला माणूस शोधता यावा म्हणून बांधतात ती कमरेची लाल दोरी मागे सोडली आणि निघाला. ११४० ला तो नाल्याच्या मधोमध असताना वरच्या उतारावरचा बर्फ सुटला.

मी रेडिओवर कळवलं, "बर्फ कोसळला. एक जवान खाली. नऊ सलामत. ओव्हर."

"नाव सांगा. ओव्हर."

नाव सांगताना मला रडू आलं. १२३० ला लाल दोरी सापडली. दोरीच्या टोकाला सुधाकर होता. श्वास थांबला होता. दोघांना त्याच्याजवळ ठेवून आम्ही वळसा घेतला आणि १७०० ला पोस्टवर पोचलो. आजारी जवान वाचला. म्हणजे वळसा आधीही घेता आला असता.

अहवालात लिहिलं गेलं की पेट्रोल कमांडरच्या प्रसंगावधानामुळे नऊ जवान वाचले. मी कंपनी कमांडरना सांगितलं, सर, हे खोटं आहे. ते म्हणाले, हुकूम तुमचा होता, श्रेयही तुमचंच. प्रशस्तिपत्र मिळालं. ते मी भिंतीवर लावलं नाही आणि मरेपर्यंत लावणार नाही. ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे. नऊ जण सुधाकरने वाचवले, आणि त्याला मी गमावलं.

एवढं सांगून सवयीने मी विचारलं, "कोई शक?"

मग शेवटच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली.

"साहेब, तुमी त्यायचं पुरं काऊन नाई ऐकलं?"

प्राचार्य तिला बसायची खूण करू लागले. मी म्हटलं, राहू द्या तिला उभी.

"पोरी, फीत माह्या खांद्यावर होती. मले वाटलं, अक्कलबी माह्याच जवळ हाय."

मग मी सगळ्यांना नाईक सुधाकर इंगळेसाठी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. खुर्च्या सरकल्या, दीडशे जण उठले. ती मुलगी आधीपासूनच उभी होती.