घुंगुरमाळेची अंगाई

पौषातला मंगळवार, दुपार. कोल्हार, रस्त्याकडेचं लिंबाचं झाड. हजर: गाडीत कामांची यादी तपासत बसलेली मी, बाहेर एक अनोळखी ऊसतोड कामगार आणि त्याचे दोन बैल.

त्यानं काचेवर टकटक केली. "ताई, घटकाभर आत बसू द्या. मोबाईलात गाणं भरायचंय, बाहेर ट्रॅक्टर लई बोंबलत्यात."

गावी आजीपाशी ठेवलेली त्याची लेक त्याच्या गुणगुणण्याशिवाय झोपत नव्हती. बैलाच्या गळ्याशी स्वस्तातला कॉलर माईक अडकवून त्यानं घुंगरं आधीच भरून घेतली होती. उसाच्या पात्यांनी खरवडलेला अंगठा मोबाईलला कळत नव्हता, म्हणून त्यानं करंगळीनं ॲपमधला तानपुरा लावला. मग डोळे मिटून तो गुणगुणू लागला. काचेपलीकडचा रस्ता पाण्याखाली गेल्यासारखा लांब आणि मऊ झाला.

"मधेमधे धाप ऐकू येतेय. ॲपमध्ये काढता येते ती," गाणं भरून झाल्यावर मी सुचवलं.

"ऱ्हाऊ द्या. धाप पुसली तर पोरीला बाप वळखू यायचा न्हाई."

गाडीच्या स्पीकरवर मोठ्यानं ऐकायला त्यानं गाणं माझ्या फोनवर पाठवलं, मग गावाकडे शेजारणीच्या फोनवर. आम्ही दोघं वाट बघत बसलो. उत्तर आलं, "झोपली."

"आता तुमच्यातलं पुसा बरं का ताई, ते तिचं हाय," म्हणत तो बैलांकडे पळाला.

त्या दिवशीच्या यादीतली बाकी सगळी कामं झाली. हे एक अजून राहिलंय.