मुंग्या नसलेली खोली

त्या खोलीत एकही मुंगी नव्हती, हे मला आजही आठवतं.

नव्वदच्या दशकात मी मेढ्याच्या बाजूला जमादार होते. एका सकाळी एक शेतकरी ठाण्यात आला. त्याची मुलगी जवळच्या गावात सासरीच बाळंत झाली होती. पाचवीला तान्ही मुलगी गेली. तिला पुरलं, आणि आता बाळंतीणही ओकत होती, धापा टाकत होती. गाव म्हणत होतं, सटवीनं धरलंय. बाप म्हणाला, "दुसरीबी पोरगीच झाली, म्हणून जावयानं इख घातलंय."

फिर्याद नोंदवून फौजदारसाहेब आणि मी निघालो. साहेबांनी नवऱ्याला ओट्यावर बसवून फैलावर घेतलं. तो एकच बोले, "मी तिला काय बी घातलं न्हाई, सायेब." बाळंतिणीच्या खोलीत मात्र कुणी जाईना, पुरुषाला मनाई. मी आत निघाले तर सासू आडवी आली.

"आवं बाई, दार उघडं टाकू नगा. वारं लागंल तिला."

"लागू दे," मी म्हणाले.

खिडकीत चिंध्या कोंबलेल्या. भिंतीला ज्वारीची पोती, त्यांना टेकून बाज. कुजक्या लसणासारखा वास. ताटात डिंकाचा लाडू उघडा पडलेला, त्याला मुंगी नाही, माशी नाही. भिंतीखाली दोन पाली पोट वर करून पडल्या होत्या. बाजेवर बाळंतीण धापा टाकत माझ्याकडे बघत होती.

मी तिला बाजेसकट अंगणात ओढलं. सासू शिव्या देत होती. मग नवऱ्याला विचारलं, "तिला काय घातलंस ते ऱ्हाऊ दे. ज्वारीत काय घातलंस?"

"गोळ्या," तो लगेच म्हणाला. "किडा लागू नये म्हणून. पेपरात जाहिरात हुती, पोस्टानं मागवल्या." बोलता बोलता त्यानं खोलीकडं बघितलं आणि पोती बाहेर ओढायला धावला.

पोरीला जीपनं साताऱ्याला दवाखान्यात पाठवलं. डॉक्टर म्हणाले, त्या गोळ्यांतून विषारी वायू सुटतो, बंद खोलीत तो कोंडला होता. पंचनामा करून पाकीट जप्त केलं. त्यावर फक्त 'धान्यरक्षक' लिहिलं होतं, आणि सांगलीच्या विश्रामबागेतला पत्ता.

त्या पत्त्यावर साहेबांना आणि मला एक गुळगुळीत दाढी केलेला माणूस भेटला. सगळं कबूल करायला त्यानं वेळ घेतला नाही. "कंपनीच्या डबीवर धोक्याची कवटी असते, साहेब. ती बघून बाया घेत नाहीत. म्हणून साध्या पाकिटात घातल्या."

"या गोळ्या परवानावाल्या गोदामांसाठी असतात. घरोघर विकता येतात का, विचारलंस?" साहेब म्हणाले.

"मला कुणी विचारलं नाही, मी पण कुणाला विचारलं नाही."

त्याची बायको चहा घेऊन दारात उभी होती. तिनं कप खाली ठेवले, आत गेली आणि तांदळाचा डबा उचलून बाहेर अंगणात नेऊन ठेवला. नवऱ्याकडं तिनं बघितलंही नाही.

बाकीची पाकिटं कुठं कुठं गेली, ते त्याला धड आठवेना. पोस्टमन आणि पोलीस पाटलांना दारोदार पाठवलं. बरीच मिळाली. सगळी मिळाली, असं मी म्हणणार नाही.

बाळंतीण वाचली. नांदायला परत गेली नाही.

खुनाचा तपास करताना आम्ही हेतू शोधतो. इथं मारायचं कुणाच्याच मनात नव्हतं. आता माझी नात मोबाईलवरून वस्तू विकते. ही वस्तू कुणालाही विकायला परवानगी आहे का, हे बघितलंस का, असं मी तिला विचारते. ती वैतागते. मी पुन्हा विचारते.