भोईर सरांचं पुढे लावलेलं घड्याळ

ऑफिसात काही बिघडलं की भोईर सर आधी खुर्ची फिरवून आमच्या तोंडांकडे बघायचे, मशीनकडे नंतर. "मशीन खोटं बोलत नाय. माणूस बोलतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वाशिंदच्या आमच्या कारखान्यात ते कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली. माणूस हुशार, पण जिभेला हाड नव्हतं.

एका वर्षी आमच्या सर्व्हरला भूत लागलं. सगळ्यांची ड्रॉइंगं नेटवर्कवरच्या एकाच फोल्डरमध्ये असत. मुरबाडकडच्या एका पाड्यावरून येणारी सुनीता त्यांत दुरुस्त्या करायची. तिने फाइल सेव्ह केली, की कधीकधी थोड्या वेळाने तिथे जुनीच फाइल परत दिसे. केबल बदलली, स्विच बदलला, सर्व्हर बंद करून चालू केला. भूत हलेना.

"सर, मी सेव केलेली. देवाशप्पथ."

"रानात मोळ्या बांधायच्या सोडून माऊस धरायला आली," सर सगळ्यांदेखत म्हणायचे. तिच्या घरात कमावणारी ती एकटीच. ते सरांना ठाऊक होतं, म्हणूनच घरी बसवायची धमकी ते तिला उठता बसता देत. शेवटी जुन्या ड्रॉइंगप्रमाणे माल कापला जाऊन वाया गेला आणि सरांनी तिला जेवणाच्या सुट्टीआधीच कामावरून घालवलं. डबासुद्धा उघडू दिला नाही.

तिच्या मशीनवर मी बसलो, तर माझ्याही दुरुस्त्या गायब. मग स्क्रीनच्या कोपऱ्यातली वेळ दिसली, बाकीच्या मशीनांपेक्षा मागे. आमच्याकडे गाडी चुकू नये म्हणून घरातलं घड्याळ पुढे लावतात. आसनगावहून येणारे उशीर करतात म्हणून सरांनी सर्व्हरचं घड्याळही तसंच पुढे लावलं होतं. बाकीची मशीनं त्याच्याकडून वेळ घेत. सुनीताचं जुनं मशीन मात्र स्वतःच्या वेळेवर चाले. एकाच फाइलच्या दोन प्रती आल्या, की सर्व्हर नंतरच्या वेळेची ठेवी. दुसऱ्या कुणी जरा आधी तीच फाइल सेव्ह केली असली, तर त्याची प्रत नंतरची दिसे आणि सुनीताची जुनी ठरून बाद होई. अख्ख्या ऑफिसात खरी वेळ तिच्याच मशीनवर होती.

मी दाखवल्यावर सरांनी घड्याळ मागे घेतलं.

"सर, सुनीताला बोलवूया."

"बोलावली तर घड्याळ कोनी लावलं ते सांगाय लागंल. ती गेली नि भूत गेलं. लोकांना तेवढंच कळू दे."

माझं डोकं फिरलं. मी वरच्या साहेबांकडे गेलो. "आता चालतंय ना सगळं?" एवढंच त्यांनी विचारलं.

पुढे सर वारले. शोकसभेत त्यांच्या शिस्तीचं कौतुक झालं. यंदा म्हसाच्या जत्रेत सुनीता दिसली, एका दुकानात घोंगड्यांच्या घड्या घालत होती. मी तिला घड्याळाची सगळी हकिगत सांगितली. तिने हातातली घोंगडी घडी करून ठेवली.

"नाय ओ दादा," ती म्हणाली, "माजंच कायतरी चुकत आसंल. मशीन कदी खोटं बोलत नाय."