मधली उशी

१४ नोव्हेंबर, बुधवार. दुपारपर्यंत कापूस वेचला, चिरलेली बोटं धुतली आणि फोन घेऊन मालकांच्या ओसरीवर गेले. तिथे मालकीणबाईंनी त्यांच्या आणि माझ्या पाठीमध्ये उशी ठेवली.

आदल्या वर्षी त्यांच्याच वावरात फवारताना माझा नवरा कोसळला. तोंडाला बांधायला माझा जुना दुपट्टा होता, दुसरं काही नाही. पाचव्या दिवशी दवाखान्यातच वारला. तेव्हापासून फवारणीच्या औषधाचा वास आला की माझा गळा आवळायचा, हात बधिर व्हायचे. निंदायला निघाले की वावराच्या बांधावरून, धुऱ्यावरूनच परत. मजुरी करून जगणाऱ्या बाईला हे परवडत नाही.

एका संस्थेने गावातल्या अशा आठ बायका जमवल्या. फोन माझ्याकडे दिला. दर बुधवारी त्यावर पुण्याच्या मॅडम दिसायच्या. तळपाय जमिनीला टेकवा. छातीवर हात ठेवा. श्वास हळू सोडा. अंगात कुठे आवळतंय ते बघा. मला वाटलं, रिकाम्या लोकांचे उद्योग. पण पाचव्या आठवड्यात मी औषधं विकणाऱ्या कृषी केंद्रासमोरून चालत गेले आणि गळा मोकळा राहिला. खरं आहे ते सांगते. मला हे हवं होतं.

गावात नेट धड चालायचं ते मालकांच्या ओसरीवर, त्यांच्या वायफायवर. मालकीणबाईंनाही झोप लागत नव्हती, त्यामुळे त्याही आमच्यात बसायच्या. त्या दिवशी आमच्यातली शांताबाई लेकीकडे बाभुळगावला गेली होती.

मॅडम म्हणाल्या, "आज जोडीनं बसा. पाठीला पाठ लावा. दुसरीचा श्वास पाठीवर जाणवू द्या."

सहा जणींच्या जोड्या झाल्या. उरलो मालकीणबाई आणि मी. आम्ही बौद्ध. हे गावात कोणाला सांगावं लागत नाही.

मालकीणबाईंनी आत हाक मारली. "सूनबाई, उशी आण वं. कंबर धरली माही."

दर बुधवारी त्या खांबाला पाठ टेकून बसत. खांबाला कधी उशी लागली नव्हती.

त्या घरचा कापूस मी सोळा वर्षं वेचला. उशीतलाही त्यातलाच असणार.

"जाणवतोय का श्वास?" मॅडमनी विचारलं.

सगळ्या हो म्हणाल्या. मालकीणबाईही म्हणाल्या, "हो, मस्त जाणवते."

मी म्हणाले, "मॅडम, मले उशी जाणवून राह्यली."

समोरच्या जोडीतली शेवंता पदरात तोंड घालून हसली. मॅडमना ओसरी अर्धीच दिसत होती. पण उशी दिसली असणार, कारण त्या क्षणभर थांबल्या. मग तोच मऊ आवाज. "ताई, जे वाटतंय त्याच्याशी भांडू नका. ते अंगात कुठे आहे, तेवढं बघा."

"अंगात नाही, मॅडम. मधात हाय. काढता येते."

मालकीणबाई वळल्या. "कायले तमाशा करतं वं? ओसरीवर बसू देतो तुले, ते नाही दिसत?"

दिसत होतं. सोळा वर्षं दिसत होतं. माझा गळा आवळायला लागला. औषधाचा वास नसताना. तेव्हा कळलं, ही गाठ नवरा गेला त्याच्याही आधीची आहे.

तळपाय टेकवले. उभी राहिले. फोन उचलला. फाटकापाशी नेट तुटलं. मॅडमचं तोंड उघडंच राहिलं, आवाज गेला.

संध्याकाळी शेवंता आली. "तुह्या एकटीच्या रागापायी आमचं सगळ्याईचं बंद पडलं नं, बाई. मले आत्ता कुठं बरं वाटून राह्यलं होतं."

तिचं खोटं नव्हतं. मी चहा ठेवला. माफी मागितली नाही.

"पुढच्या बुधवारी तुह्या पाठीशी मी बसीन," मी म्हणाले. "जागा मी पाह्यतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावामागच्या टेकाडावर चढले. पळसाखाली नेटच्या दोन दांड्या आल्या. मॅडमना निरोप बोलून पाठवला: "बुधवारचा वर्ग आता टेकाडावर. मालकीणबाईले यायचं असन तर या म्हणा. उशी घरी ठेवून. अन् मॅडम, पुढच्या खेपेस उशी दिसली तर तुम्ही बोलाचं. मले श्वास घ्याले सांगाचं नाही."

मग झोळी बांधली आणि वेचायला गेले. पलीकडच्या गावात, दुसऱ्याच्या वावरात.